सीसॅट : 'माहिती पुरेशी आहे का?' छापाच्या गणितांत विभाज्यतेला दरवेळी घसरतो, काय करू?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. यूपीएससीचा दुसरा अटेम्प्ट. जीएस (सामान्य अध्ययन) बरं चाललंय, पण सीसॅट (पूर्वपरीक्षेतला गणित, तर्क आणि उताऱ्यांचा, फक्त पास व्हायचा पेपर) जीव खातंय. २०० पैकी ६६ काढायचे, ऐकायला किरकोळ वाटतं. मी बीएवाला, दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नाही.

कालच्या टेस्टमधलं हे बघा (दिलेल्या विधानांवरून ठाम 'हो' किंवा 'नाही' सांगता येतं का, एवढंच ठरवायचं) : क्ष ही धन पूर्णांक संख्या आहे. क्षला २४ ने निःशेष भाग जातो का? (१) क्षला ६ ने भाग जातो. (२) क्षला ४ ने भाग जातो.
मी म्हटलं, सहा चोक चोवीस, दोन्ही मिळून पुरेशी. उत्तर निघालं 'दोन्ही मिळूनही अपुरी'. क्लासच्या सरांनी 'लसावि घे रे' एवढं म्हणून पुढचं गणित घेतलं. एखादं चांगलं पुस्तक सुचवा. की क्लासच बदलू?

गणोबा_मास्तर
दोन्ही नको, पैसे वाचव. आधी तुझी चूक कुठे झाली ते बघू.

शेजारच्या घरातला नवरा म्हणतो, आमच्याकडे निदान एक स्कूटर आणि एक सायकल आहे. बायको म्हणते, निदान दोन स्कूटर आहेत. म्हणून घरात तीन स्कूटर होतात का? नवऱ्याने सांगितलेली स्कूटर बायकोच्या दोनांतलीच असू शकते. ६ म्हणजे २ × ३, ४ म्हणजे २ × २. खात्रीने हाती लागतात दोन २ आणि एक ३, म्हणजे १२. चोवीसला तिसरा २ लागतो, त्याची हमी कोणीच दिलेली नाही. क्ष १२ असेल तर 'नाही', २४ असेल तर 'हो'. सरांचा लसावि तो हाच.

प्रत्येक विधान आलं की आधी त्याचे मूळ अवयव मांड. आता हे करून बघ : क्षला १२ ने भाग जातो का? (१) क्षच्या वर्गाला ७२ ने भाग जातो. (२) क्षच्या वर्गाला ३६ ने भाग जातो.

पार्सल_पुणेकर
मी जीमॅटसाठी (एमबीएची प्रवेश परीक्षा) हा प्रकार चिक्कार घोटलाय. कागदाने दुसरं विधान झाकायचं, अगदी खरोखरचा कागद ठेवून. नाहीतर पहिल्यातली माहिती नकळत दुसऱ्यात झिरपते. आणि ठाम 'नाही' हेही उत्तरच. 'क्ष सम आहे का?' विचारलं आणि विधान म्हणालं 'क्ष ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या आहे', तर ते पुरेसं. मी सुरुवातीला 'नाही' आलं की अपुरं ठरवून मोकळा व्हायचो, लाज वाटते आता.

जीमॅटचं साहित्य सरावाला उत्तम, पण तिथे पर्याय पाच असतात. यूपीएससीत चारच, त्यामुळे 'फक्त पहिलं' आणि 'फक्त दुसरं' बहुधा एकाच पर्यायात कोंबलेलं असतं. पर्यायांची अक्षरं पाठ करू नकोस.

चहा_बिनसाखरेचा
+१. मी तर सरळ आकडे घालून बघते. एकदा 'हो' आणि एकदा 'नाही' मिळालं की विधान अपुरं, विषय संपला.

गणोबा_मास्तर
ताई, अपुरेपणा सिद्ध करायला ते झकास. पण पाच आकडे घातले आणि पाचही वेळा 'हो' आलं, म्हणून विधान पुरेसं ठरत नाही. सहावा आकडा दगा देतो. तिथे कारणच लागतं. उदाहरणार्थ, दोन पूर्णांकांची वजाबाकी सम असेल तर बेरीजही समच, कारण बेरीज आणि वजाबाकी यांतला फरक म्हणजे दुसऱ्या संख्येची दुप्पट. इथे आकडे घालत बसायची गरजच नाही.

चहा_बिनसाखरेचा
मान्य. बाकीच्या गणितांत मात्र मी यादीच करणार! दोन अंकी संख्या शोधा : ५ ने भागून बाकी ३, ७ ने भागून बाकी २. पहिली २३ सापडते आणि माणूस खूश होऊन 'पुरेशी' ठोकतो. पुढे ३५-३५ मिळवत जा : ५८, ९३. तीन संख्या, म्हणजे अपुरी. चुकलं की अडीच गुण गेलेच, वर ०.८३ कापले जातात.

आणि हो, पुस्तकाबद्दल : बालभारतीचं सहावीचं गणित काढ. विभाज्यता, मसावि, लसावि एवढंच कर. मग यूपीएससीच्या साइटवरच्या जुन्या प्रश्नपत्रिका, त्या फुकट आहेत.

कोरी_पाटी
सहावीचं पुस्तक भाचीकडून मागून आणलं, ती अजून हसतेय.

मास्तर, तुमचं गणित : ७२ म्हणजे तीन २ आणि दोन ३. वर्गात प्रत्येक अवयव जोडीने येतो, म्हणजे तीन २ असतील तर चार असायलाच हवेत. मग क्षमध्ये दोन २ आणि एक ३, म्हणजे १२ ने भाग जातोच. (१) एकटं पुरेसं. (२) मध्ये क्ष ६ घेतला तर 'नाही', १२ घेतला तर 'हो', म्हणून अपुरं. बरोबर?

गणोबा_मास्तर
शाब्बास. आता क्षला ३० ने भाग जातो का? (१) १५ ने जातो. (२) १० ने जातो. घड्याळ लाव.

कोरी_पाटी
एकेकटं अपुरं. दोन्ही मिळून २, ३, ५. पाचाची स्कूटर एकदाच मोजली. पुरेशी. ५० सेकंद!

गणोबा_मास्तर
३० च्या जागी ६० लिही आणि परत कर.