पहिलं हेल्मेट: ग्रेट हेल्म घेऊ की बॅसिनेट?

प्रश्न:
सहा महिने सराव करतेय, आता बुहुर्टच्या, म्हणजे चिलखत घालून बोथट शस्त्रांनी खेळायच्या, लढतीत उतरायचंय. आतापर्यंत उसन्या हेल्मेटवर भागवलं. बाकीचं चिलखत चौदाव्या शतकाच्या अखेरीचं जमवलंय, पण मनात सपाट माथ्याचं ग्रेट हेल्म, म्हणजे अख्खं डोकं झाकणारं डब्यासारखं हेल्मेट, भरलंय. ते चालेल का? पत्रा २ मिलिमीटरचा पुरेल? डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर आहे.

उत्तर १:
ताई, ग्रेट हेल्म नको, बॅसिनेट घ्या, म्हणजे निमुळत्या माथ्याचं, डोक्याला लगटून बसणारं हेल्मेट. सपाट माथ्याचं ते तेराव्या शतकातलं, तुमच्या चिलखताशी काळ जुळणार नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे सपाट माथ्यावर वरून आलेला घाव जागीच बसतो. बॅसिनेटच्या निमुळत्या माथ्यावरून तोच घाव घसरून खांद्याकडे जातो. चौदाव्या शतकातले सरदार आधी ग्रेट हेल्मच्या आत बॅसिनेट घालत. पुढे बॅसिनेटलाच चेहरा झाकणारी झडप लावून पायी लढाईत बाहेरचं हेल्म सोडून दिलं.

आता तो ५५ चा आकडा. तो कारागिराला देऊ नका. मी नेमकं तेच केलं होतं. हेल्मेट आलं, जाड अस्तर मावेना, म्हणून पातळ शिवून घेतलं. तिसऱ्या लढतीत कानाजवळ कुऱ्हाड बसली आणि अख्खं हेल्मेट फिरलं. डाव्या डोळ्यापुढची फट सरकून तिथे नुसता पत्रा आला. पुढचा घाव दिसलाच नाही. दोन दिवस डोकं ठणकत होतं, त्यानंतर बरेच आठवडे मी मैदानात पाऊल टाकलं नाही.

म्हणून अस्तर आधी शिवा. लिननचं, आत भरणी घालून उभ्या शिवणी मारलेलं, दाबल्यावरही बोटभर जाड राहील असं. ते डोक्यावर चढवून मगच घेर, आणि कपाळापासून मागच्या खळग्यापर्यंतची लांबी मोजा. हनुवटीचा पट्टा हेल्मेटच्या कवटीच्या पत्र्याला रिव्हेटने पक्का हवा, अस्तराला शिवलेला नको.

उत्तर २:
पत्र्याचं मी सांगतो. साध्या लोखंडाचा २ मिलिमीटर पत्रा कवटीला घेऊ नका, पोचे पडतात आणि प्रत्येक पोचा आतल्या अस्तराची जागा खातो. पाणी दिलेलं पोलाद असेल तर २ चालतं. साधा पत्रा असेल तर ३ घ्या, मग मानेचा व्यायाम आजपासूनच.

प्रश्नकर्ती:
आणि झडप? डुकराच्या तोंडासारखी पुढे आलेली घेऊ का?

उत्तर १:
घ्या. ती चेहऱ्यापासून लांब राहते, श्वासाला जागा मिळते. दमल्यावर त्या जागेची किंमत कळते. फक्त तिचा खटका स्वतः हाताने ओढून बघा. लढतीत झडप वर गेली तर चेहरा उघडा पडतो. १४०३ मध्ये इंग्लंडमधल्या श्रूझबरीच्या लढाईत तिथल्या सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण खोल रुतला होता. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने खास चिमटा घडवून तो काढला, म्हणून पुढे हेन्री राजा झाला.

हेल्मेट हातात आलं की पट्टा आवळा आणि कुणाला तरी झडप धरून डावीकडे-उजवीकडे ओढायला सांगा. मान सोबत वळली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर त्यात लढू नका.

प्रश्नकर्ती:
आत्ताच उसन्या हेल्मेटवर करून पाहिलं. मान जागची हलली नाही, हेल्मेट कानापर्यंत फिरलं. सहा महिने मी यातच सराव करत होते. उद्या ते परत करतेय, आणि अस्तराचं कापड आजच बेतायला घेते.