रूझवेल्टची सीसीसी: खरंच भारी योजना की उगाच डोक्यावर घेतलेली?

डोंगरवाट:
न्यू डील म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने मंदीत काढलेल्या योजना, त्या सगळ्यांत बेकार पोरांना जंगलात झाडं लावणं वगैरे कामं देणारी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर म्हणजे सीसीसी एक नंबर, असं माझं स्पष्ट मत आहे. १९३३, मंदीचा कहर, अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार. रूझवेल्ट ४ मार्चला शपथ घेतो आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियाच्या जंगलात पहिला कॅम्प उभासुद्धा राहतो! महिन्याला ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी, पोराच्या हातात ५च उरायचे पण राहणं खाणं कपडे सगळं सरकारचं, आणि तिकडे घरची चूल पेटायची. ९ वर्षांत जवळपास ३० लाख पोरं आणि ३ अब्ज झाडं. अजून काय पाहिजे?

खडूफळा:
झाडं मोजलीत, आता माणसं पण मोजा ना. बायकांना प्रवेशच नाही. रूझवेल्टची बायको एलेनॉरबाई मागे लागल्या म्हणून मुलींचे वेगळे कॅम्प निघाले, तिथे सगळ्या मिळून साडेआठ हजार. आणि १९३५ ला सीसीसीचा संचालक फेक्नर याने कृष्णवर्णीय पोरांचे कॅम्प वेगळे करायला लावले, वर म्हणे वेगळं ठेवणं म्हणजे भेदभाव नव्हे!

रानवारा:
@खडूफळा अहो तेव्हा अख्खा देशच तसा होता, सैन्यसुद्धा. तरी २ लाख कृष्णवर्णीय पोरांना काम मिळालंच की. कॅम्पात रात्रीचे वर्ग चालायचे, हजारो पोरं तिथे लिहायला-वाचायला शिकली, हे कसं विसरता?

खडूफळा:
तेव्हा तसंच होतं हे मला पटत नाही, कारण सीसीसीच्या १९३३ च्या कायद्यातच वंश, रंग, धर्म बघून भेदभाव करायचा नाही असं लिहिलेलं होतं. ऑस्कर डी प्रीस्ट या कृष्णवर्णीय खासदाराने ते कलम घालून घेतलं होतं. म्हणजे चूक काय ते तेव्हाच्या लोकांना कळत होतं, आणि कळूनही मोडलं.

शेनांडोआकर:
मी व्हर्जिनियात राहतो, शेनांडोआ नॅशनल पार्कातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगररस्त्यावर नेहमी जाणं होतं. कडेच्या दगडी कठड्यांवर हात फिरवून बघा, एकेक दगड घडवून बसवलाय, मूळ काम सीसीसीच्या पोरांचं. पण याच पार्कसाठी राज्य सरकारने डोंगरातली शेकडो कुटुंबं उठवली आणि त्यांची रिकामी घरं पाडायलाही हीच पोरं लावली. त्या पोरांना मी दोष देणार नाही, ती स्वतःच पोटासाठी आलेली.

डोंगरवाट:
@खडूफळा कायद्याचा मुद्दा मान्य, फेक्नरचा बचाव मी करणार नाही. पण योजना एक नंबर हे मत मागे घेत नाही. १९४२ ला युद्धामुळे अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पैसे बंद केले नसते तर अजून कितीतरी डोंगर हिरवे झाले असते.

खडूफळा:
हिरवे झाले असते हो, पण कॅम्प वेगवेगळेच राहिले असते. फेक्नर १९३९ लाच वारला, पुढची अडीच वर्षं त्याचा नियम तसाच चालू होता.