शब्दचर्चा: चक्रीय, चक्राकार की वर्तुळाकार?

पेठेतला: आमच्या तालमीच्या मंडळाला प्लास्टिक कमी करण्याविषयी फलक लावायचा आहे. मजकूर माझ्या गळ्यात. 'सर्क्युलर इकॉनॉमी'ला, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवत ठेवण्याला, कुणी चक्रीय, कुणी चक्राकार, कुणी वर्तुळाकार अर्थव्यवस्था लिहितं. बरोबर काय? आणि रिसायकल म्हणजे पुनर्वापरच ना?

काकवी: 'चक्रीय' नको. अर्थशास्त्रात तो शब्द आधीच गुंतलेला आहे. चक्रीय बेरोजगारी म्हणजे व्यापारचक्रात मंदी आली की येणारी. बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्याला तुमचा फलक वाचून तेजी-मंदीच आठवायची. 'वर्तुळाकार'मध्ये नुसता आकार दिसतो. खासबागेचं कुस्तीचं मैदान वर्तुळाकार आहे, पण ते कुठं फिरतं? 'चक्राकार'ला फिरणं आहे. निवडणुकीचं आरक्षण चक्राकार पद्धतीनं फिरतं, हे कट्ट्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा.

पुनर्वापर मात्र वेगळा. गुऱ्हाळावर घरची रिकामी बाटली नेऊन काकवी भरून आणली, तर तो पुनर्वापर, कारण बाटली बाटलीच राहिली. तिचे तुकडे करून, वितळवून पॉलिस्टरचा धागा काढला, तर ते पुनर्चक्रीकरण. पहिल्यात फार तर बाटली विसळायचं पाणी लागतं. दुसऱ्याला कारखाना, वीज आणि गोळा करणारी माणसं लागतात.

विसर्ग: पुनर्चक्रीकरण नव्हे. 'पुनश्च' होतो तसं पुनश्चक्रीकरण. र् टिकतो तो स्वर किंवा मृदू व्यंजन पुढे आलं तर: पुनर्जन्म, पुनर्विवाह. म्हणून 'पुनर्प्रक्रिया'ही चूक, पुनःप्रक्रिया हवं.

पेठेतला: भावा, फलकावर 'पुनश्चक्रीकरण' वाचेपर्यंत सिग्नल सुटतोय!

वाकळ: मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या टोकाकडून शब्द शोधताय. आपल्याकडे 'मोड' आहे की. घरात नवी घागर घ्यायची म्हटलं की आईचा पहिला प्रश्न, "जुन्याची मोड किती येईल?" जुनं तांब्या-पितळेचं भांडं तराजूत घालायचं, वजनावर त्याची किंमत ठरायची, वरचे पैसे भरून नवं घ्यायचं. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, सोन्याचंही तेच. आज 'मोडीत काढणं' म्हणजे निकामी ठरवणं. पण मोडीत गेलेलं भांडं संपत नव्हतं, ते वितळून दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीवर चढायचं. कापडाचंही तसंच. लुगडं विटलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणं. बोहारीण तर जुन्या कपड्यांवर भांडं देऊन जायची.

आता पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या. तिची मोड शून्य. दुधाच्या पिशव्या धुऊन साठवल्या तर भंगारवाला किलोवर घेतो, पण भाजीची ती चुरचुरणारी पिशवी? हातात घेऊन बघणारही नाही. ढीगभर वेचल्या तरी वजन भरत नाही. केंद्रानं पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, त्यात मला हीच मोड दिसते. जाड असली तर माणूस जपून ठेवतो, वेचणाऱ्यालाही परवडते. महाराष्ट्रानं त्याआधीच, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं, कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली होती. तीत दुधाच्या पिशवीमागं ५० पैसे परत देण्याची योजना होती. म्हणजे सरकारी कागदावरची मोडच! आमच्या दुकानात ते ५० पैसे कधी हाती आले नाहीत, हा भाग वेगळा.

विसर्ग: मोड चांगला आहे. पण 'एकल वापर प्लास्टिक' तेवढं लिहू नका. एकल पालक, एकल महिला ऐकलेल्या कानाला ते 'एकट्यानं वापरायचं' वाटतं. 'एकदाच वापरायचं' म्हणा.

काकवी: एकदाच वापरण्यात तरी काय वाईट? पत्रावळ एकदाच वापरायची. जेवण झालं की उकिरड्यावर, तिथं शेणाबरोबर कुजून रानात. गुऱ्हाळात उसाचं चिपाड वाळवून चुलवाणात घालतात, त्याच उसाचा रस त्या जाळावर आटतो. उकिरडा हा शब्द आता शिवीसारखा झालाय. पूर्वी 'बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो' म्हणत, आणि मला वाटतं त्या म्हणीला खताचा वास आहे. आता आमच्या उकिरड्यातलं खत रानात पसरलं की आधी गुटख्याच्या पुड्या वेचाव्या लागतात. बारा काय, शंभर वर्षं थांबलं तरी त्यांचा पांग फिटायचा नाही.

पेठेतला: ठरलं. फलक असा: 'जिची मोड येत नाही, ती पिशवी घेऊ नका.' खाली बारीक अक्षरात चक्राकार अर्थव्यवस्था. अध्यक्षांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मोड म्हणजे? मटकीचा?"

विसर्ग: मटकीचा तो मोड, भांड्याची ती मोड. लिंग बदललं की अर्थ बदलला.

पेठेतला: मिसळीच्या गाड्यासमोरच लावायचा आहे हो फलक.