निवृत्तीनंतरची गाडी: मायलेज बाजूला ठेवा, आधी दार उघडून बसून पाहा

निवांत (धागाकर्ता)

गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: लिटरला किती देते? निवृत्तीनंतर हा प्रश्न यादीत खूप खाली जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब साधा आहे. रोजचं कामावर जाणं-येणं संपलं की वर्षाला ५,००० किलोमीटर धरू. लिटरला १५ देणाऱ्या गाडीला ३३३ लिटर लागतात, २० देणाऱ्या गाडीला २५०. वर्षाचा फरक ८३ लिटर. आता हायब्रिड किंवा डिझेलसाठी जे जास्तीचे पैसे मोजायचे, त्यांत किती लिटर पेट्रोल येतं ते आपापल्याकडच्या दराने काढून बघा. किती वर्षांनी वसूल होतील ते लगेच कळेल. डिझेलचा तर दुसराच ताप. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो काजळी जाळून, आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापावा लागतो. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो तेवढा तापतच नाही, तुंबतो, आणि बदलायचा खर्च मोठा असतो.

मग बघायचं काय? सर्वांत आधी सीटची उंची. उभं राहिल्यावर आपला पार्श्वभाग जिथे असतो, साधारण त्याच पातळीवर किंवा किंचित खाली सीट हवी. सेडानमध्ये स्वतःला खाली सोडावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. उंच एसयूव्हीत चढावं लागतं. मधल्या उंचीच्या, उभट छोट्या गाड्या इथे बाजी मारतात. नव्वदच्या दशकात फोर्डच्या अभियंत्यांनी लफबरो विद्यापीठाच्या मदतीने एक खास पोशाख बनवून घेतला होता. तो चढवला की गुडघे, कोपर, मान आखडल्यासारखी होते आणि नजर धूसर होते. तरुण अभियंते तो घालून गाडीत चढउतार करत आणि दारं, सीटा सुधारत. शोरूममध्ये आपल्याला पोशाखाची गरज नाही, फक्त लाज सोडून पाच-सहा वेळा बसायचं-उठायचं आहे. विक्रेता घाई करत असला तरी.

माझी शिफारस: छोटी, उभट, पेट्रोल, ऑटोमॅटिक. नवी घ्यावी आणि निवृत्तीच्या सुरुवातीलाच घ्यावी. तुमचं मत मांडा.

पाना

सीटच्या उंचीबद्दल पूर्ण सहमत. बाकी बऱ्याच गोष्टींशी असहमत, आणि मुख्यतः "नवी घ्या" याच्याशी.

निवृत्त माणसाच्या हातातली रक्कम पुन्हा भरून येत नाही. नव्या गाडीची किंमत सर्वांत वेगाने पडते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती घट तुम्ही अशा काळात अंगावर घेताय, जेव्हा गाडी मुळात कमी चालणार आहे. ज्याच्याकडे सात-आठ वर्षांची, एकहाती वापरलेली गाडी आहे, त्याने ती का विकावी? तिचा प्रत्येक आवाज त्याला ओळखू येतो, कुठलं काम कधी झालं ते माहीत असतं. जुनी विकून दुसरी घेणं म्हणजे माहीत असलेले दोष देऊन माहीत नसलेले घेणं.

आणि कमी चालणाऱ्या गाडीबद्दल कोणी बोलत नाही ते सांगतो. ती किलोमीटरने झिजत नाही, वयाने झिजते. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचं. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून कडक होतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यातला टायर. सहा वर्षं उलटली की दरवर्षी तपासून घ्यायचा आणि दहाच्या पुढे, कितीही नवा दिसला तरी, वापरायचा नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी नीट पळवली नाही तर बॅटरी मान टाकते. यासाठी पैसे बाजूला ठेवा. नव्या गाडीत हे सगळं करावं लागतंच, वर हप्ते.

निवांत

पाना, टायर आणि ब्रेकच्या तेलाचा मुद्दा प्रत्येकाने लिहून ठेवावा असा आहे. हप्त्यांबद्दलही एकमत: निवृत्तीत कर्ज काढून गाडी नको.

पण जुनी गाडी ठेवा म्हणताना तिच्यात काय नाही तेही मोजा. घसरणारी गाडी सरळ ठेवणारी ईएससी यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीझच्या महागड्या गाडीत आली. युरोपीय संघात सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची व्हायला नोव्हेंबर २०१४ उजाडलं. म्हणजे तुमची लाडकी जुनी गाडी तिच्याशिवायची असू शकते. त्यात वयाबरोबर हाडं ठिसूळ होतात. जो धक्का चाळिशीत मुका मार ठरतो, तो सत्तरीत बरगडी मोडतो.

आणि "सुरुवातीलाच" म्हणण्यामागे कारण आहे. साठीत नवी गाडी शिकायला सोपी जाते. पंचाहत्तरीत जुनी बंद पडली म्हणून नाइलाजाने नवी घेतली, तर त्याच वेळी नवे पेडल, नवी बटणं, नवा टचस्क्रीनचा पडदा सगळं एकदम अंगावर येतं. सवय आधी लागलेली बरी.

तिसरा गिअर

ऑटोमॅटिक शिफारस करण्याची जी लाट आहे, तिला माझा स्पष्ट विरोध.

पार्किंगमधून थेट भिंतीत किंवा दुकानात गाडी घुसल्याच्या बातम्या आठवा. चालक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी उसळते, आणि घाबरून तो तेच पेडल आणखी जोराने दाबतो. क्लच असलेल्या गाडीत घाबरल्यावर डावा पाय आपोआप क्लचवर जातो. मग उजवा पाय चुकला तरी नुसतं इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. जपानमध्ये वृद्ध चालकांच्या अशा अपघातांमुळे एवढी चिंता वाढली की, उभ्या गाडीसमोर अडथळा असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला तर वेग रोखणारी यंत्रणा तिथे नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना सप्टेंबर २०२८ पासून सक्तीची होते आहे. क्लच असलेल्या गाड्यांना हा नियम नाही, यातच काय ते आलं.

शिवाय चाळीस वर्षांची हातापायाची सवय ही भांडवल आहे. ती मोडून माणसाला नवखं का करायचं?

मागची सीट

मी गाडी चालवत नाही, शेजारी बसते. इथे आतापर्यंत जे बोललं गेलं ते सगळं चालकाच्या सीटबद्दल. उंची वरखाली करायची सोय बऱ्याच गाड्यांत फक्त त्याच सीटला असते! गुडघे दोघांचे दुखतात. शोरूममध्ये दोघांनी बसून बघा, आणि मागेसुद्धा बसून बघा, कारण उद्या कदाचित मूल गाडी चालवेल आणि तुम्ही मागे असाल.

डिकीचा काठ किती उंच आहे ते बघा. काठीचं काय, ती कुठेही मावते. वॉकर किंवा घडीची चाकाची खुर्ची उचलून त्या काठावरून आत टाकायची असते, आणि ती टाकणारा माणूसही सत्तरीचाच असतो. डिकी किती लिटरची आहे हे सगळे सांगतात, काठाची उंची कोणी सांगत नाही.

बुटक्या बायकांसाठी आणखी एक. छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, नाहीतर एअरबॅग उघडतानाच इजा करू शकते. माझ्या बहिणीचे पाय पेडलला पोहोचावेत म्हणून ती अगदी चिकटून बसते. स्टेअरिंग पुढे-मागे होणारी गाडी तिच्यासाठी चैन नाही, गरज आहे. आणि दोघांनाही चालवता येईल अशीच गाडी घ्या. एक आजारी पडला तर दुसऱ्याने फाटकाशी उभं राहून वाट बघायची का?

विद्युत

कमी फिरणं, जवळचं फिरणं, घरी परत येणं. हे वर्णन इलेक्ट्रिक गाडीचं आहे आणि धाग्यात तिचं नावसुद्धा नाही. गिअर नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. एलएफपी प्रकारची बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज करत राहिलं तरी फारसं बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, एनएमसी बॅटरीला रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरलेलं बरं. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षांची देतात. तोवर आपणही गाडी कमी करायच्या विचारात असू.

पाना

विद्युत, घरी स्वतःचं चार्जिंग असेल तर मान्य. नसेल तर भर उन्हात चार्जरच्या रांगेत बसणं या वयात नको. आणि निवांत यांचा इंधनाचा हिशेब इथेही लागू होतो: वर्षाला ५,००० किलोमीटरवर इंधनाची बचतही छोटीच, मग जास्तीची किंमत वसूल कशी होणार? रोज लांब जाणाऱ्याने इलेक्ट्रिक घ्यावी, त्याला खरा फायदा.

निवांत

मागची सीट, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता.

तिसरा गिअर, तुमचा मुद्दा गंभीर आहे, तरीही मी ऑटोमॅटिकवर ठाम आहे. गर्दीत शेकडो वेळा क्लच दाबून ज्याचा गुडघा दुखतो, तो माणूस हळूहळू गाडी काढणंच सोडतो, आणि घरात बसून राहणं हेही आजारपणच. फक्त "ऑटोमॅटिक" या एका शब्दावर घेऊ नका. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, क्लच दाबायचं काम यंत्रणा करते. स्वस्त आहे, पण झटके देते, आणि चढावर धरून ठेवायची सोय नसेल तर मागे घसरते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार शांतपणे सरकतात. शक्य तर हेच, आणि सोबत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून ती सर्व नव्या गाड्यांत आहे.

पानांचा किमतीचा युक्तिवाद पटतो. दोन-तीन वर्षं वापरलेली, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी मिळत असेल तर कोऱ्या गाडीचा हट्ट नको. दहा वर्षांपूर्वीची मात्र नको.

आणि सगळं पडद्यावर ढकललेली गाडी टाळा. वायपरसाठी रस्त्यावरून नजर हटता कामा नये. २०२६ पासून गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशांना प्रत्यक्ष बटण किंवा दांडा नसेल तर गुण कापायचं ठरवलं आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, त्यामुळे चाचणी फेरी एकदा तरी अंधार पडल्यावर मागून घ्या. दिव्यांचा उजेड दिवसा कळत नाही.

तिसरा गिअर

अंधारातल्या चाचणीचं मनापासून पटलं. क्लचवर मात्र मी माझ्या जागी आहे. गुडघा दुखत असेल तर ऑटोमॅटिक घ्या, जरूर घ्या. दुखत नसेल तर केवळ वय झालं म्हणून घेऊ नका. आणि घेतलीच तर पहिला महिना मोकळ्या मैदानात डावा पाय बाजूला ठेवून फक्त थांबायचा सराव करा. विक्रेता हे सांगणार नाही, म्हणून घरच्यांनी सांगा.