शब्दचर्चा: फिल्म ‘धुणे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न: अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ (१९४१) या छायाचित्रावर मराठीत टिपण लिहायचे आहे. ८×१० इंची निगेटिव्ह ‘डेव्हलपर आणि पाणी यांत आलटूनपालटून धुतली’ असे लिहिले आहे. ‘धुतली’ चालेल का?

प्रतिसाद: नाही, इथे अर्थ उलटा होतो. ‘रोल धुवायला टाकला’ म्हणतो तेव्हा डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन), स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे), फिक्सर (प्रतिमा पक्की करणारे) आणि शेवटचे पाणी हे सगळे त्या एका शब्दात येते. गिऱ्हाइकाला तेवढे पुरते, पण अंधारात ट्रेपाशी उभ्या असलेल्या माणसाला पुरत नाही.

ॲडम्स यांनी डी-२३ हा डेव्हलपर पातळ करून वापरला होता. निगेटिव्ह ३० सेकंद डेव्हलपरमध्ये, मग २ मिनिटे पाण्यात न हलवता, असे १० वेळा केले. त्या पाण्यात डेव्हलपिंग चालूच असते. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात मुरलेला डेव्हलपर चंद्र, ढग अशा उजळ भागांत लवकर संपतो आणि तिथले काम थांबते. झुडपांच्या, घरांच्या सावलीत तो पुरून उरतो, म्हणून तिथला तपशील वाढत राहतो. पाणी हलवले तर मुरलेला डेव्हलपर निघून जाईल आणि खरोखरच ‘धुणे’ होईल! तिथे ‘पाण्यात स्थिर ठेवली’ असेच लिहा. आजच्या फिल्मचा थर पातळ असतो, त्यामुळे तिच्यावर या रीतीचा परिणाम बराच कमी होतो, हेही टिपणात यावे.

दुसरा प्रतिसाद: सहमत, पण ‘धुणे’ हा शब्दच बाद करून ‘विकसन’ आणू नका. तो पुस्तकातच राहिला आहे. पाण्याच्या कामांना आपल्याकडे वेगवेगळी क्रियापदे आहेत, तीच वापरा. ४×५ इंची फिल्मच्या सुट्या शीट ट्रेमध्ये डेव्हलप करताना आधी एकेक शीट साध्या पाण्यात भिजवायची. कोरड्या शीट एकावर एक पडल्या तर चिकटतात आणि सोडवताना ओरखडे येतात. मग गठ्ठा डेव्हलपरमध्ये घालून तळची शीट काढून वर ठेवत राहायचे. शीट उभी धरून कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शनची (प्रकाशसंवेदी थराची) बाजू आपल्याकडे असते. ती वर ठेवायची. डेव्हलपर झाला की स्टॉप बाथमध्ये विसळायची, १० सेकंद पुरतात. रॅपिड फिक्सर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी) असेल तर २ ते ५ मिनिटे. त्यानंतर येते ते खरे धुणे.

प्रश्नकर्ता: मग ‘एन वजा एक’साठी (उजळ भाग एका पायरीने उतरवण्यासाठी) ‘फिल्म कमी धुवा’ लिहिले आहे, तेही चुकले?

दुसरा प्रतिसाद: तेच सर्वांत घातक. वाचणारा डेव्हलपिंग पूर्ण करेल आणि पाणी कमी वापरेल. म्हणजे निगेटिव्हवर आकाश दाटच राहील आणि शिवाय हायपो (फिक्सरचे रसायन) आत अडकून काही वर्षांनी डाग पडतील. ‘एन वजा एक’ म्हणजे डेव्हलपिंगचा वेळ घटवणे. एफपी४ प्लस या फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, १+१ प्रमाणात, २० अंशांना ११ मिनिटे लागतात. उन्हातले खडक आणि ढग फार उजळ असतील तर सुरुवातीला १५–२० टक्के कमी करून पाहा, मग आपल्या प्रिंटवरून आकडा ठरवा. सावलीचा तपशील मात्र एक्स्पोजरमध्येच मिळवावा लागतो. सावलीवर मीटर धरून आलेल्या रीडिंगपेक्षा दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी दिले की ती तिसऱ्या झोनवर (तपशील दिसणाऱ्या गडद छटेवर) बसते.

पहिला प्रतिसाद: निगेटिव्ह बघून दोष ओळखायचा असेल तर तिथेही शब्द वेगळे हवेत. सावल्याच कोऱ्या असतील तर एक्स्पोजर कमी. सावल्यांत तपशील आहे पण उजळ भाग पातळ, सगळेच मिळमिळीत, तर डेव्हलपिंग कमी. दुधाळ झाक दिसली तर फिक्सर कमी पडला आहे. ताज्या फिक्सरमध्ये परत घातली तर ती जाते. कमी धुतलेली निगेटिव्ह मात्र त्या दिवशी अगदी निर्दोष दिसते, म्हणूनच हा शब्द जपून वापरावा.

प्रश्नकर्ता: एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी ३० अंशांच्या वर असते. २० अंशांचा आकडा तसाच द्यायचा का?

दुसरा प्रतिसाद: २४ अंशांचाही द्या: तोच डेव्हलपर, सुमारे ८ मिनिटे. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २४ गाठणे सोपे जाते. स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचे पाणी त्याच्या आसपास ठेवा. थंड डेव्हलपरमधून एकदम गरम पाण्यात गेली तर जिलेटिन फुगून मऊ होते आणि बोटाच्या नखानेही ओरखडा उठतो. ट्रेऐवजी बंद टँक असेल तर धुण्याचे पाणी तीनदाच बदलून भागते: पहिल्यांदा ५ वेळा उलटसुलट करायचे, दुसऱ्यांदा १०, तिसऱ्यांदा २०. एवढे पाणी आधीच बादलीत गार करून ठेवता येते.