सल्ला हवा : लेकीचा चांगला हात मोज्यात ठेवू का?

झुळूक : लेक साडेपाच वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीत अडचण), उजवी बाजू कमजोर. उजवा हात हलतो, पण मॅडमना त्याची आठवणच नसते, सगळं डाव्याने. थेरपिस्टने दोन आठवड्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स सुचवलाय. त्यात डावा हात मोज्यात ठेवतात. मला तर जीवावर आलंय. कुणी केलंय का?

खारूताई : आम्ही केलं, मुलगा तेव्हा सहाचा. पहिले दोन दिवस नुसती रडारड, मीही बाहेर बसून रडले. तिसऱ्या दिवशी मोज्याला बाहुली करून त्याच्याशी गप्पा! मोजा फक्त थेरपीच्या वेळात होता. लेक चालताना अडखळते का? पडताना सावरायला तोच हात लागतो, हे आधी बोलून घ्या.

पारवा : आम्ही वर्षभर रोज हात ताणून, मालिश करून दिला. वापर काडीचा वाढला नाही.

हातोटी : मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पारवा, हात आपण हलवला की मूल काहीच शिकत नाही, त्याने स्वतः करायला हवं. झुळूक, मोज्याच्या पद्धतीला सीआयएमटी म्हणतात, म्हणजे चांगला हात अडवून कमजोर हाताला कामाला लावणं. दुसऱ्या पद्धतीचं नाव "हॅबिट", कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली. तिच्यात काहीच बांधत नाहीत, दोन्ही हात लागतील असेच खेळ. तिथला एक कार्यक्रम रोज 6 तास, 15 दिवस, म्हणजे 90 तास. तास सारखे असले तर दोन्हींचा फायदा साधारण सारखाच दिसलाय. एखादं ठरावीक काम जमायला 14 ते 25 तास, एकूण हात सुधारायला 30 ते 40 लागतात. घरचा सरावही त्यात धरा. म्हणून मोज्याआधी तास विचारा, आणि ध्येय कोण ठरवणार तेही.

अजून एक. "उजवा हात वापर" असा धोशा लावू नका. एका हाताने होणारच नाही असं काम पुढ्यात ठेवा : मणी ओवणं, पत्ते पिसणं, कात्रीने कापताना कागद धरणं.

झुळूक : ध्येय तिलाच विचारलं. म्हणाली, "बाटलीचं झाकण मी उघडणार." मी इतके दिवस बटणांच्या मागे लागले होते!

हातोटी : मग तेच घ्या. उजव्याने बाटली धरायची, डाव्याने फिरवायचं. सुरुवातीला रुंद झाकणाची बाटली, आणि झाकण अर्धं सैल करून ठेवा.