गावातल्या गावात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट: सक्ती हवी की नको?

दापोलीकर: दापोली-हर्णै रस्त्यावर कधीही उभे राहा. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पोर, दोघांची डोकी उघडी. हवालदार पुढच्याकडे बघतो आणि गाडी सोडतो. माझं मत, मागच्याचंही चलान फाटलंच पाहिजे, हायवेवर आणि गावरस्त्यावरही. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 चालवणारा आणि बसणारा असा भेद करतच नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, तेही पट्टा लावून. (पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे.) 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, एवढी शिक्षा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरासाठीही 2023 पासून वेगळा नियम आहे: छोटं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आणि वेग 40 च्या आत. हा पट्टा मी कोकणात अजून कुणाकडे पाहिलेला नाही.

बंदरावरची: माझा विरोध आहे. आमच्या बायका लिलावाला भावाच्या, दिराच्या गाडीवर बसून जातात. येताना मासळीची पाटी, बर्फ, वजनकाटा, सगळं त्याच गाडीवर. बंदरावर हेल्मेट ठेवायचं कुठे? वाळूत ठेवलं की गेलंच समजा. चलान येतं त्या दिवशी केलेला धंदा पाण्यात. शहरातल्या माणसासाठी केलेला नियम आमच्यावर लादू नका. गावातला रस्ता, वेग तो किती!

दापोलीकर: ताई, वेग कमी असला तरी डोकं चिऱ्यावरच आपटतं. आमच्या रस्त्यांना साइडपट्टी नाही, कडेला जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी बांध आहेत. पावसात शेवाळ आणि वर मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणी. वळणावर गाडी घसरली की पुढच्याच्या हातात निदान हँडल असतं, मागच्याच्या हातात काहीच नसतं.

मालवणचो: हेल्मेट नको असा कोण म्हणता? पण खड्डे कोण बुजवतलो? मुंबई-गोवा हायवेचा काम 2011 पासून चालू आसा. आमच्याकडसून दंड घेवचो आणि कंत्राटदाराक कोणी विचारूचा नाय, ह्यो खंयचो न्याय?

रोह्याचा वाचक: तुमचा राग रास्त आहे आणि त्याला कायद्यात जागाही आहे. त्याच 2019 च्या दुरुस्तीत कलम 198अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर कंत्राटदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. जीव गेल्यावर एक लाख, हे मला फार थोडं वाटतं. पण हेल्मेटचं कलम पोलीस ठाण्यात तोंडपाठ असतं, 198अ मात्र कुणी काढत नाही. दोन्ही वापरा. खड्डा आहे म्हणून डोकं उघडं ठेवायचं, हे मला पटत नाही.

पालघरवाला: चारचाकीचंही तेच. 4 सप्टेंबर 2022 ला आमच्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. पुढचे दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. तरी गणपतीला येणाऱ्या गाड्यांत मागच्या सीटवर आजही बॅगा आणि पोरं, बेल्ट सीटखाली दाबलेला.

गुहागरची मास्तरीण: हेल्मेटवरच अडू नका. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं साडीगार्ड, हे केंद्रीय मोटार वाहन नियम 123 नुसार सक्तीचं आहे. पोरं गाडी घेतल्याबरोबर साडीगार्ड काढून टाकतात, मग आईची ओढणी नाहीतर पदर चाकात जातो. माझ्या मते चलान आधी याचं फाडा. ही चूक गाडीवाल्याची, बाईची नाही.

बंदरावरची: मास्तरीणबाईंचं मला पटलं. पोरांच्या हेल्मेटलाही माझी ना नाही, लेकरावर वाद नको. पण मोठ्यांसाठी म्हणाल, तर आधी बंदरावर हेल्मेट ठेवायला कुलपाची सोय करा, लिलावाच्या शेडला लागून जागा आहे. ती झाली की खुशाल चलान फाडा. तोवर माझा विरोध राहील.